फॉरमॅट मारायची घाई करू नका

*सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, प्रबंधांचं टायपिंग. गेल्या रविवारी रात्री माझ्या मुलाने (वय १९) माझ्या कॉम्प्युटरवर डिझाइनचं एक महागडं सॉफ्टवेअर ‘फुकट’ टाकायचा प्रयत्न केला. विंडोज अपडेट चालू असल्यासारखी चौकट आली, म्हणून तो जेवायला उठला. जेवून येऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं लागलेली आणि एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची इंग्रजी चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे. बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेलीच होती, तीही गेली. एका सरांचा पीएचडीचा प्रबंध, चालू पत्रिका, शिवाय सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, ज्या आम्ही जुन्या कॅसेटवरून एमपी३ करून घेतल्या होत्या, सगळं त्यात आहे. सासूबाई आता नाहीत. आमचा नेहमीचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, फॉरमॅट मारतो, संध्याकाळपर्यंत मशीन चकाचक. मिस्टर म्हणतात, पैसे भरून मोकळं होऊ. मुलगा चार दिवस धड जेवलेला नाही. हा व्हायरस कसा काढू? फाइली परत मिळतील का? पोलिसांत गेलो तर आमच्यावरच उलटेल का? चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत पाठवते आहे.*
*— एक वाचक, सातारा*

ताई,

हे उत्तर वाचता वाचताच त्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावा आणि आज येऊ नको म्हणून सांगा. माणूस वाईट नसेल. मीही वीस वर्षं तोच धंदा केला आहे आणि फॉरमॅट मारणं हे आमच्या धंद्यातलं क्रोसिन आहे, दुखणं कुठलंही असो. पण तुमच्याकडे कामं दोन आहेत आणि तो त्यातलं एकच बघतोय. व्हायरस काढणं हे एक काम आणि फाइली उघडणं हे दुसरं. चोर घरात शिरला, सगळ्या कपाटांना स्वतःची कुलपं ठोकली आणि किल्ल्या घेऊन गेला. आता चोराला हाकलून घर कितीही धुऊन-पुसून घेतलं तरी कुलपं काही निघत नाहीत. फॉरमॅट म्हणजे कुलूप निघत नाही म्हणून कपाटच भंगारात देणं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, हात पोळल्यामुळे सांगतोय. २०१९ च्या मार्चमध्ये एक निवृत्त शिक्षक असाच कॉम्प्युटर घेऊन माझ्याकडे आले होते. असंच नावामागे शेपूट, अशीच चिठ्ठी. मी डोकं हलवलं, ‘काका, हे काही परत येत नाही’ म्हटलं आणि त्यांच्यासमोर डिस्क पुसून नवं विंडोज टाकून दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने आणि मायकल गिलेस्पी या अमेरिकी संशोधकाने मिळून या व्हायरसच्या १४८ प्रकारांची कुलपं उघडणारं साधन फुकट उपलब्ध करून दिलं. काकांचा प्रकार त्यात होता. फाइली मात्र नव्हत्या, कारण त्या मी पुसल्या होत्या. त्यांना फोन करून हे सांगायची माझी हिंमत झाली नाही, आजतागायत.

आता दुसरा फोन. म्हणजे फोनवरूनच करायचं काम, आणि आजच. तुमचं जीमेल, बँक, फेसबुक, जे जे त्या कॉम्प्युटरवर उघडत होतात त्या सगळ्यांचे पासवर्ड तुमच्या मोबाइलवरून बदला. त्या कॉम्प्युटरवरून नाही. हा व्हायरस सहसा एकटा येत नाही. कुलपं ठोकणाऱ्याबरोबर एक खिसेकापूही आत सोडलेला असतो. अझोरल्ट, विदार, रेडलाइन ही त्यातल्या काही खिसेकापूंची नावं. ब्राउझरमध्ये ‘सेव्ह करू का?’ विचारल्यावर आपण ‘हो’ म्हणून ठेवलेले पासवर्ड उचलून बाहेर पाठवणं एवढंच त्यांचं काम. सुरुवात जीमेलपासून करा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते. पासवर्ड बदलल्यावर सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट व्हा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. चार दिवस उलटलेत, म्हणून बँकेचं स्टेटमेंटही एकदा नजरेखालून घाला. पैसे गेलेले दिसले तर १९३० वर लगेच फोन करा. तो नंबर पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठीच आहे आणि जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त.

एवढं उरकलं की चहा घ्या, कारण पुढचं काम घाईचं नाही.

तुम्ही पाठवलेली चिठ्ठी मी वाचली. ही चिठ्ठी मला पाठ आहे म्हटलं तरी चालेल. ९८० डॉलर, ७२ तासांत ४९० डॉलर, एक फाइल फुकट उघडून दाखवायची तयारी: ही ‘स्टॉप डीजेव्हीयू’ नावाच्या कुटुंबाची खूण आहे. (पुढे पुढे ते ९९९ मागू लागले. चपलांच्या दुकानातली किंमत झाली.) मोठमोठ्या कंपन्यांना वेठीला धरणाऱ्या टोळ्या वेगळ्या. ही टोळी घरगुती माणसाच्या मागे असते आणि तिचा रस्ता ठरलेला आहे: क्रॅक, की-जनरेटर, विंडोजचा ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायच्या चोरवाटा. मुलाला रागावून नको, नीट विचारा. तो सांगेल की झिप फाइलला पासवर्ड होता, तो शेजारीच एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला होता आणि त्याच फाइलमध्ये ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा’ अशीही सूचना होती. झिपला पासवर्ड असतो तो अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. राहिलेलं काम सूचना वाचून आपण स्वतःच करतो. ती अपडेटची चौकटही खोटीच. कॉम्प्युटर मंद का झाला असं तुम्हाला वाटू नये आणि तुम्ही बटण दाबून तो बंद करू नये, यासाठी पुढे धरलेला पडदा.

जेवण होईपर्यंत सगळी डिस्क कशी उरकली, असं तुम्हाला वाटलं असेल. तो पूर्ण फाइल बंद करतच नाही. प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी एवढाच तुकडा तो कुलूपबंद करतो आणि पुढच्या फाइलीकडे वळतो. घाईत असतो तो. त्याची ही घाई तुमच्या उपयोगाची आहे, त्यावर येतोच.

आधी वाईट बातमी. चिठ्ठीच्या तळाशी ‘पर्सनल आयडी’ म्हणून अक्षरांची लांबलचक माळ आहे. तिची शेवटची दोन अक्षरं बघायची. व्हायरसला कुलूप लावताना इंटरनेट मिळालं तर तो टोळीच्या सर्व्हरकडून फक्त तुमच्यासाठी म्हणून वेगळी किल्ली मागवतो. इंटरनेट किंवा तो सर्व्हर मिळाला नाही तर स्वतःजवळची, सगळ्यांना सारखीच असलेली किल्ली वापरतो, आणि तेव्हा आयडीच्या शेवटी ‘टी१’ (इंग्रजीत t1) येतं. सारखी किल्ली एकाला मिळाली की सगळ्यांची सुटका होते. एम्सिसॉफ्टचं साधन आज चालतं ते मुख्यतः अशाच लोकांसाठी. २०१९ च्या ऑगस्टनंतर टोळीने आपल्या चुका सुधारल्या, त्यामुळे वेगळ्या किल्लीचं कुलूप गणिताने फोडता येत नाही. तुमच्या फोटोतल्या आयडीच्या शेवटी टी१ नाही.

म्हणजे सरसकट सगळ्या फाइली उघडणारी किल्ली आज जगात कुणाकडे नाही, टोळी सोडून. जो कुणी ‘आम्ही शंभर टक्के उघडून देतो’ असं म्हणेल, तो एक तर तुमच्या पैशातून टोळीला पैसे भरून वर स्वतःची दलाली काढेल किंवा नुसतेच पैसे घेईल. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या डिक्रिप्टरपासूनही, म्हणजे कुलूप उघडून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रॅमपासूनही, जपून. २०२० मध्ये ‘स्टॉप डीजेव्हीयूचा डिक्रिप्टर’ म्हणून एक प्रोग्रॅम फिरत होता. तो चालवला की आधीच्या कुलपावर आणखी एक कुलूप बसायचं. झोराब त्याचं नाव. साधन घ्यायचं तर ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवरूनच घ्या. डच पोलीस, युरोपोल आणि दोन अँटीव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये ती सुरू केली, सगळं फुकट आहे. एक-दोन बंद फाइली आणि चिठ्ठी तिथे टाकली की कुठला व्हायरस आणि त्यावर उपाय निघाला आहे का, तेही सांगतात. टाकायची फाइल पत्रिकेची निवडा, कुणाच्या आधार कार्डाची नको.

आता ओव्या.

पत्र वाचताना मी तिथेच थांबलो आणि ‘एमपी३’ हा शब्द दिसल्यावर जीव भांड्यात पडला. एमपी३ फाइल म्हणजे आवाजाच्या बारीक बारीक तुकड्यांची माळ असते आणि प्रत्येक तुकडा आपापल्या पायावर उभा असतो. सुरुवातीचे मणी फुटले तरी पुढची माळ वाजते. कॅसेटवरून करून घेतलेल्या फाइली बहुधा १२८ केबीपीएसच्या असतात, म्हणजे एका सेकंदाला साधारण १६ केबी. १५० भागिले १६ करा: नऊ-साडेनऊ सेकंद. प्रत्येक फाइलमधून गेलं ते एवढंच. कॅसेटची सुरुवात आठवा, खरखर, कुणीतरी खाकरतंय, ‘चालू झालं का गं?’ असं कुणीतरी विचारतंय. जे गेलं ते कदाचित त्यातलंच असेल.

करायचं असं. बंद फाइलीची आधी एक नक्कल काढा आणि काम त्या नकलेवरच करा. नकलेच्या नावामागचं चार अक्षरांचं शेपूट खोडा, म्हणजे शेवटी पुन्हा ‘एमपी३’ राहील. मग व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच वाजते. नाही वाजली तर डिस्कट्युना यांचं ‘मीडिया रिपेअर’ नावाचं फुकट साधन नेमकं याच व्हायरसने बिघडवलेल्या आवाज-चित्रफितींसाठी आहे. मोबाइलवर काढलेले व्हिडिओही त्याने दुरुस्त होतात, मात्र त्यासाठी त्याच मोबाइलने काढलेला एक धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून द्यावा लागतो. जुनी कामं तुम्ही झिप करून ठेवत असाल तर तिथेही नशीब चांगलं आहे. झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते, त्यामुळे शेपूट काढून सेव्हन-झिपने उघडली तर पहिली एखादी फाइल सोडून बाकीच्या बाहेर येतात.

फोटोंचं मात्र तसं नाही. जेपीईजीच्या पहिल्या १५० केबीमध्येच चित्र कसं उलगडायचं याची माहिती असते. त्याच कॅमेऱ्याचा चांगला फोटो नमुना म्हणून देऊन उरलेला भाग बाहेर काढणारी साधनं आहेत, पण वरची पट्टी जातेच आणि रंगही इकडचे तिकडे होतात. वर्डच्या लहान फाइली तर अख्ख्याच १५० केबीच्या आत बसतात, त्यांचं काहीच उरत नाही. त्या आत्ता मिळणार नाहीत असं धरून चाला.

पण ताई, तुम्ही डीटीपीवाल्या आहात. तुमचं काम तुमच्या कॉम्प्युटरवर राहतंच कुठे? पत्रिकेची पीडीएफ प्रेसला गेली असेल, प्रेसच्या मशीनवर ती आजही पडून असेल. तिकडे कुणी फोल्डर साफ करत नाही, मला माहीत आहे. प्रुफं गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर गेली असतील. सरांनी प्रबंधाची प्रकरणं तुमच्याकडून ई-मेलवर तपासायला मागवली असतील आणि पुढे आपल्या गाईडला पाठवली असतील. जीमेलमध्ये ‘सेंट’ उघडा आणि अटॅचमेंट असलेल्या मेल तेवढ्या शोधा. एक संध्याकाळ बसलात तर तीन वर्षांची निम्मी कामं हाताला लागतील. गूगल ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडलेलं असेल तर तिथे आजच जा, दुसऱ्या कुणाच्या तरी चांगल्या कॉम्प्युटरवरून. ड्राइव्ह फाइलीच्या जुन्या आवृत्त्या आणि कचरापेटीत गेलेल्या फाइली साधारण ३० दिवस ठेवतं. त्यातले चार दिवस गेलेच आहेत. आणि ओव्यांच्या कॅसेट एमपी३ झाल्यावर टाकून दिल्यात का माळ्यावर आहेत, तेही एकदा बघा.

प्रेसवर जाताना रिकामा, नवा पेन ड्राइव्ह न्या. तुमच्या कॉम्प्युटरला लावून आणलेला नको. त्या कॉम्प्युटरला सध्या काहीच लावू नका, कारण हा व्हायरस विंडोजमध्ये ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाचं काम नेमून ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा जागा होतो. नवा पेन ड्राइव्ह दिसला की त्याचीही कुलपं सुरू.

म्हणून मशीन साफ करायची माझी पद्धत अशी आहे, आणि तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलवायचं ते या कामासाठी. त्याला म्हणा, फॉरमॅट नको, डिस्क काढ. जुनी डिस्क आहे तशी बाहेर काढायची, तिच्यावर मार्करने ‘कुलूपबंद – पुसू नये’ लिहायचं आणि दागिन्यांच्या शेजारी ठेवायची. बॅकअपची डिस्कही तिच्याच सोबत. मशीनमध्ये नवी एसएसडी, म्हणजे हल्लीची वेगवान डिस्क, टाकून तिच्यावर विंडोज नव्याने घालायचं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं आणि परवाना असलेलं विंडोज. तो ‘वहिनी, ॲक्टिव्हेट मी करून देतो’ म्हणाला तर नको म्हणायचं, कारण तो ॲक्टिव्हेटर म्हणजे ज्या दारातून चोर आला तेच दार. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला आहे, तेव्हा मशीनला झेपत असेल तर ११ च घ्या.

नवं विंडोज अपडेट झालं की मगच जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडायची, तिच्यावरचा कुठलाही प्रोग्रॅम न चालवता आधी विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडरने ती पूर्ण स्कॅन करायची आणि मग ओव्या, झिप वगैरे उतरवून घ्यायचं. उतरवून झाल्यावरही ती पुसायची नाही. अशा टोळ्या कधी पकडल्या जातात, कधी आपसात भांडतात आणि किल्ल्या बाहेर येतात. कधी ते माझं मी सांगू शकत नाही, पण काकांच्या बाबतीत सातच महिने लागले होते.

नवी डिस्क घ्यायला आत्ता जमत नसेल तर दुसरा रस्ता आहे, पण तो मला कमी आवडतो. विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवायचं. कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच ते तपासतं, पंधरा-वीस मिनिटांत होतं. मग टास्क शेड्युलरमधून तो टास्क काढायचा आणि होस्ट्स नावाची फाइल मूळपदावर आणायची, कारण हा व्हायरस तिच्यात फेरफार करून मदत देणाऱ्या साइट उघडूच देत नाही. मशीन स्वच्छ दिसेल. खिसेकापूही गेला का, याची छातीठोक खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही, आणि तुमच्यासारख्यांच्या मशीनवर लोकांची आधार कार्डंही स्कॅन होत असतात.

मिस्टरांसाठी दोन शब्द. ४९० डॉलर म्हणजे चाळीस हजारांच्या वर, आणि ७२ तास तर उलटून गेले, म्हणजे आता दुप्पट. रक्कम क्रिप्टोमध्ये द्यायची, पावती नाही, पत्ता नाही. पैसे दिल्यावर किल्ली मिळालेले लोक आहेत, मी खोटं सांगणार नाही. न मिळालेलेही आहेत. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला, त्यात मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनलही ठप्प झालं होतं. त्या वेळी खंडणीचा जो ई-मेल दिला होता तो सेवा देणाऱ्या कंपनीने त्याच दिवशी बंद केला, आणि तो व्हायरसही असा बनवला होता की किल्ली कुणालाच देता आली नसती. तरीही लोक पैसे भरत होते. तुमचे चाळीस हजार एसएसडी, दोन बॅकअपच्या डिस्क आणि विंडोजचा परवाना एवढ्यावर घातले तरी त्यातून काही उरतील.

पोलिसांचं विचारलंत. तक्रार करा, केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर ऑनलाइन करता येते किंवा जवळच्या ठाण्यात. गुन्हा तुमच्यावर झालेला आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांत हे बसतं. फाइली परत मिळवून देणं पोलिसांच्या हातात नाही, पण उद्या तुमच्या मेलवरून कुणाला पैसे मागणारा निरोप गेला किंवा गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाचा गैरवापर झाला, तर आजच्या तारखेची तक्रार तुमच्या हातात असलेली बरी. क्रॅकबद्दल विचारलं तर घडलं ते खरं सांगा. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे, हेही तुम्हाला माहीत असावं. मनात धास्ती असेल तर आधी ओळखीच्या वकिलांशी बोला, पण तक्रार टाळू नका.

पुढचं सांगतो. बॅकअपची डिस्क जोडलेलीच होती, हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता वाईट वाटायचंही थांबलंय. जोडलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, ती दुसरी खोली. एकाऐवजी दोन लहान डिस्क घ्या. एकीवर ‘सोमवार’ लिहा, दुसरीवर ‘गुरुवार’. त्या त्या दिवशी ती जोडायची, नक्कल घ्यायची, काढायची. दोन्ही एका वेळी कधीही जोडायच्या नाहीत. ओव्यांची एक प्रत नणंदेकडे, तिच्या घरी. पुढे सांगतोय त्या सगळ्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे असं मी म्हणतोय, कारण बाकीचे सगळे उपाय एखाद दिवशी फसतात.

बाकीचे उपाय म्हणजे: तुमच्या खात्याशिवाय घरातल्या इतरांसाठी ‘स्टँडर्ड’ खातं, ज्यातून पासवर्ड दिल्याशिवाय बहुतेक सॉफ्टवेअर बसत नाहीत. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आहे, तो चालू करा. अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या कागदपत्रांना हात लावू देत नाही. पहिले आठ दिवस तो तुमच्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरलाही अडवेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. अडवल्याची सूचना येईल तेव्हा त्या प्रोग्रॅमला परवानगी द्यायची, हा पहाराच बंद करून टाकायचा नाही. आणि फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’वर खूण करा, म्हणजे ‘पत्रिका.पीडीएफ’ म्हणून आलेल्या फाइलच्या नावामागे ‘.ईएक्सई’ (म्हणजे तो कागद नसून प्रोग्रॅम आहे) लपलेलं असेल तर दिसेल.

मुलाला जे सॉफ्टवेअर हवं होतं त्याचं बरंचसं काम इंकस्केपमध्ये होतं, पानांची मांडणी स्क्रायबसमध्ये. दोन्ही फुकट आणि उजळ माथ्याने. स्क्रायबसच्या नव्या आवृत्तीत जोडाक्षरं नीट जुळतात. फॉन्टची अडचण असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे युनिकोड फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत, पत्रिकेला बलू फार छान दिसतो.

आणि त्याला जेवायला घाला. त्याने केलं ते तुमच्यासाठीच, आईला चांगलं सॉफ्टवेअर मिळावं म्हणून. जुनी डिस्क जोडून ओव्या बाहेर काढायचं काम त्यालाच द्या. त्याचं डोकं चालतं, फक्त त्या रात्री त्याने टेक्स्ट फाइलवर विश्वास ठेवला. डिस्क जोडल्यावर तिच्यावरच्या, म्हणजे पूर्वीच्या सी ड्राइव्हमध्ये ‘सिस्टिमआयडी’ नावाचं फोल्डर असेल, त्यात ‘पर्सनलआयडी’ ही टेक्स्ट फाइल. तिच्यात कधी कधी एकाऐवजी दोन-तीन आयडी असतात, म्हणजे व्हायरसने मधेच किल्ली बदललेली असते, आणि त्यातल्या एखादीच्या शेवटी टी१ निघू शकतं. तसं असेल तर काही फाइली एम्सिसॉफ्टच्या साधनाने उघडायची आशा आहे. त्याला ओळी मोजायला सांगा आणि प्रत्येकीची शेवटची दोन अक्षरं मला लिहून पाठवा.